परवलीचा अंगठा

नोव्हेंबर लागला, की आपण जिवंत आहोत हे मला सिद्ध करावं लागतं. पेन्शन घेणाऱ्या माणसाची ही वार्षिक परीक्षा. पूर्वी ती फार सोपी होती. बँकेत जायचं, रजिस्टरात नावापुढे सही करायची, साहेब चष्म्यावरून एकदा बघायचे, आणि आपण पुढच्या नोव्हेंबरपर्यंत हयात. यंदा पुण्याहून मुलाचा फोन आला. तो तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे. म्हणाला, "बाबा, कशाला बँकेत ताटकळता? २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आहे. सेवा केंद्रात जा, अंगठा टेकवा, विषय संपला."

'अंगठा टेकवा' हे शब्द मला जरा लागले. का लागले ते पुढे येईलच.

आमचं भिवापूर नागपूर जिल्ह्यात, उमरेडवरून नागभीडकडे निघालं की लागतं. बाहेरच्यांना ते मिरचीमुळे माहीत. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही आहे. मात्र 'भौगोलिक मानांकन' असं गावात कोणी म्हणत नाही. 'मिरचीले टॅग लागला' म्हणतात. ही बातमी आली तेव्हा शेजारच्या काकाजींनी मला विचारलं होतं, "गुरुजी, गाईच्या कानात पिवळा बिल्ला ठोकते, तसाच का जी?" मी नाही म्हणालो. मग कसा, ते मात्र मला सांगता आलं नाही.

तर गेलो सेवा केंद्रात. दहा बाय दहाचं दुकान. बाहेरच्या फ्लेक्सवर आधारपासून लॅमिनेशनपर्यंत मनुष्यजन्मात लागणाऱ्या सगळ्या गोष्टी. आत एक पोट्टा, गालात खर्रा, नजर पडद्यावर. त्याच्या बापाला मी चौथीत शिकवलं होतं, त्यामुळे मला खुर्ची मिळाली. माझ्यापुढे एक शेतकरी उभा होता. त्याचा पीएम किसानचा दोन हजारांचा हप्ता आला नव्हता. पोट्ट्याने पडदा वाचून निकाल दिला :

"काका, आधार सीडिंग इनअ‍ॅक्टिव्ह दाखवते, केवायसी पेंडिंग हाये, म्हणून डीबीटी फेल मारते."

मी बत्तीस वर्षं व्याकरण शिकवलं. सवय जात नाही. बसल्या बसल्या वाक्याचं पृथक्करण करून टाकलं. 'काका' आणि 'आधार' सोडले, तर नामं सगळी परकी, विशेषणं परकी. मराठीच्या वाट्याला आलं काय, तर 'दाखवते', 'हाये', 'म्हणून' आणि 'मारते'. म्हणजे गाडी त्यांची, धक्का मारायला आपण.

शेतकऱ्याने मात्र त्यातला एक शब्द बरोबर पकडला. बियाण्याच्या पिशवीवर तो नेहमी वाचत असावा. "सीडिंग तं जूनमध्येच केलं ना बापा! सोयाबीन पेरलं, तूर टाकली."

"ते सीडिंग नाही जी. आधारचं. बँकेत करा लागते."

"बँकेत पेरलं होतं मी. मागच्या वर्षीच कागद देल्ला."

"हो, पण ते इनअ‍ॅक्टिव्ह झालं. पुन्हा करा लागन."

"म्हणजे पेरलं पण उगवलं नाही," काका म्हणाले, "दुबार पेरणी."

पोट्टा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हाव. तेच."

आधारचा क्रमांक बँकखात्यात रोवून देण्याला 'पेरणी' म्हणायचं, हे ज्या कोणा अधिकाऱ्याला वातानुकूलित खोलीत सुचलं असेल, त्याने आयुष्यात कधी तिफण धरली नसणार. पण शब्द निघाला तो शेतातूनच, आणि फिरून शेतकऱ्यापाशी आला तेव्हा दोघांनी एकमेकांना ओळखलं नाही. ओळख पटली ती 'दुबार पेरणी' या शब्दावर. हा शब्द कोणत्याही संगणकाच्या पुस्तकात सापडायचा नाही, पण बिघाड नेमका काय आहे हे त्याच्याइतकं स्वच्छ कोणी सांगितलेलं मी ऐकलं नाही.

माझा नंबर आला आणि पोट्ट्याने दोन्ही हात की-बोर्डवरून उचलले. "सर्वर डाऊन गेलं."

रांगेत माझ्यामागे एक म्हातारबा होते. त्यांची सारी हयात रेल्वेच्या गँगमध्ये गेली. इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी लाइन आमच्या गावातून जायची. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती मोठी करण्यासाठी बंद केली. म्हातारबांनी कानामागे हात धरत विचारलं, "डाऊन गेलं? मंग अप कधी येते?"

पोट्टा वर न बघता म्हणाला, "चारनंतर येईन बहुतेक."

म्हातारबा समाधानाने भिंतीला टेकून बसले. त्यांच्या लेखी डाऊन गेलेली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी अप येतेच. उशीर किती, हे स्टेशनमास्तरच्या बापालाही सांगता येत नाही, म्हणून ते विचारण्यातही अर्थ नसतो. पोट्ट्याच्या लेखीही तेच. दोघांना एकमेकांचा शब्द कळला नव्हता आणि दोघांचं उत्तर बरोबर होतं. त्या दुकानात मी ऐकलेला हा सर्वांत सुसंगत संवाद.

माझ्याच्याने असं टेकून बसवत नाही. मी मुलाला फोन लावला. फोन लागेना. सिग्नल गेला होता. सिग्नल गेला म्हटलं की आमच्या भागात अजून वाघ आठवतो. जय नावाचा भला थोरला वाघ नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात आला होता. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरचा सिग्नल बंद झाला, आणि तो पुन्हा कोणाला दिसला नाही. त्या उन्हाळ्यात पानठेल्यावरचा प्रत्येक माणूस रेडिओ कॉलर, जीपीएस आणि फ्रिक्वेन्सी यांवर अधिकारवाणीने बोलत होता. शब्द अवघड नव्हते, वाघ आपला होता. 'डीबीटी'च्या गळ्यात असा एखादा वाघ बांधला असता, तर तोही शब्द लोकांनी आठवड्यात पाठ केला असता.

फोन लागला. मुलाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, सर्व्हरचं जाऊ द्या. तुम्ही घरी जाऊन लॅपटॉपवरून अर्ज उघडून बघा. आईला सांगा, आधी ब्राउझरची कॅश क्लिअर कर."

मी निरोप घरी कळवला. पलीकडून उत्तर आलं, "कॅश तं वीस तारखेलाच क्लिअर झाली. आता पेन्शन आल्याशिवाय काही नाही म्हणा त्याले."

चार वाजायला वेळ होता. म्हणून मी बसल्या जागी जरा विचार केला. मुलगा एकदा म्हणाला होता, की बाबा, हे शब्द तुम्हाला घाबरवायला काढलेले नाहीत, ते साधेच आहेत. खरं आहे. खिडकी, ढग, उंदीर, कुकी, जाळं, कीड. हे तर पहिलीच्या चित्रवाचनाचे शब्द झाले. किडीची तर तारीखही नोंदलेली आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या मार्क-टू या खोलीएवढ्या यंत्रात एक पतंग अडकून मेला. तिथल्या लोकांनी तो चिमट्याने काढला, नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली शेरा मारला, की खराखुरा बग सापडला. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची रीत त्याआधीपासून होतीच, पुरावा मात्र त्या दिवशी चिकटला. एका पतंगाचं केवढं कौतुक! आमच्याकडे थ्रिप्स, कोळी, खोडमाशी, चक्रीभुंगा, गुलाबी बोंडअळी असे चिकटवत बसलो असतो, तर तहसीलमध्ये वह्या ठेवायला जागा उरली नसती.

आणि ब्लूटूथ! मी इतकी वर्षं समजत होतो, की काही तरी दाताचं यंत्र असावं. तो निघाला दहाव्या शतकातला डेन्मार्कचा राजा हाराल्ड. त्याचा एक दात मरून निळसर पडला होता म्हणतात. त्याने विखुरलेल्या टोळ्या एकत्र जोडल्या, म्हणून वस्तू जोडणाऱ्या यंत्रणेला त्याचं नाव. हे कळल्यावर मला एकदम घरचं वाटलं. आमच्याकडेही माणसं जोडण्याचं काम दातवालेच करतात. रंग तेवढा लाल, आणि ठिकाण पानठेला.

तर शब्द साधे आहेत, पण साध्या शब्दाला परक्या गावात नेऊन बसवलं की तो ओळख देत नाही. त्यावर आपल्याकडच्या विद्वानांनी उपाय काढला : साध्या परक्या शब्दासाठी अवघड स्वकीय शब्द. डेटाला विदा, ब्राउझरला न्याहाळक, की-बोर्डला कळफलक, सॉफ्टवेअरला आज्ञावली. यातला 'परवलीचा शब्द' मात्र मला मनापासून आवडतो. पासवर्डमध्ये काय आहे? परवलीच्या शब्दात रात्रीची गस्त आहे, बुरुज आहे, मशाल आहे, 'कोण आहे रे तिकडे' आहे. या प्रेमापोटी मी एकदा याच पोट्ट्याला म्हणालो होतो, "बाळ, मी माझा परवलीचा शब्द विसरलो."

तो आदराने म्हणाला, "गुरुजी, ते आपल्याकडे नाही होत. तहसीलमध्ये विचारून पाहा."

'तहसील' शब्द त्याने किती सहज उच्चारला! आणि तिथेच मला माझं उत्तर सापडलं. कारण तहसील हा शब्द तरी कुठे आपल्या आजोबांचा आहे? तो अरबीतून फारसीत आणि फारसीतून आपल्या कचेरीत आला. शिवाजी महाराजांनी असले शब्द हटवण्यासाठी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. साडेतीनशे वर्षं होत आली. त्यातले काही पर्याय रुजले, पण अर्ज अजून अर्जच आहे, तहसील तहसीलच आहे, जमीन जमीनच आहे. आणि मी ज्याच्यासाठी खुर्ची अडवून बसलो होतो, तो 'हयातीचा दाखला'? हयात अरबी, दाखला अरबी. मराठीच्या वाट्याला फक्त मधला 'चा'. पोट्ट्याच्या वाक्यात निदान चार शब्द मराठी होते. मी ज्याला शुद्ध मराठी कागद समजून छातीशी धरला होता, त्याच्यात एक अक्षर! कोणे एके काळी आमच्याच गावातला एखादा कुणबी 'हयात', 'दाखला', 'तहसील' हे शब्द ऐकून म्हातारबांसारखा भिंतीला टेकून बसला असेल, आणि समोरचा कारकून वैतागून म्हणाला असेल, की उद्या या.

अडाणीपणाचा आणि या घोटाळ्याचा काही संबंध नाही, याचा पुरावा माझ्या घरातच आहे. मागच्या दिवाळीत मुलगा आला होता. फार्मर आयडीसाठी सातबारा हवा म्हणून त्याने तो मोबाइलवर काढला. ऑनलाइन! मोठ्या ऐटीत वाचायला लागला आणि मध्येच चेहरा पाडून म्हणाला, "बाबा, यात 'पोटखराब' असं लिहिलंय. तुमच्या तब्येतीचं यांना कोणी कळवलं?"

मला जे सुख झालं ते काय सांगू! त्याला समोर बसवलं. म्हटलं, शेताच्या पोटात जो तुकडा लागवडीला येत नाही, खडक, नाला, बांध, तो पोटखराबा. त्यातही अ आणि ब असे दोन वर्ग. मग त्याने 'भोगवटादार वर्ग-१' वाचलं आणि विचारलं, की हा कोणी गुन्हेगार आहे का. फेरफार म्हणजे अफरातफर नव्हे, हे त्याला पटवायला दहा मिनिटं गेली. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून सातबारा, आणि असे एकवीस नमुने असतात म्हटल्यावर तो म्हणाला, "बाकीचे एकोणीस कुठायत?" पैसेवारी पन्नासच्या आत आली म्हणतात तेव्हा तो भाजीचा भाव नसतो, पीक बुडाल्याची सरकारी कबुली असते, हे ऐकून तर तो गप्पच झाला. शेवटी पाणी मागितलं. सॉफ्टवेअरमधला माणूस, लाखात पगार, आणि सातबाऱ्याच्या एका पानावर हँग झाला. त्या दिवशी आमच्या घरात सर्व्हर मी होतो, आणि अप होतो.

तेव्हा परिभाषा कळण्याचा आणि अकलेचा संबंध नाही. संबंध पोटाशी आहे. ज्या शब्दावर आपला हप्ता, आपला बांध, आपलं पीक अडकतं, तो शब्द जिभेवर येतोच. आमच्या गावातल्या गुराख्याला बाइट म्हणजे काय ते विचारा, तो हसेल. पण 'आजची दीड जीबी सरली' हे तो असं सांगतो, जसं त्याची आजी 'कणगीतले तांदूळ सरले' सांगायची.

साडेचारला सर्व्हर अप आलं. म्हातारबांनी माझ्याकडे पाहून मान डोलवली. अर्धाच तास लेट.

आता अंगठ्याचं सांगतो. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं. त्यानंतर काही वर्षं मी शाळेच्या व्हरांड्यात रात्रीचे वर्ग घ्यायचो. मिरचीच्या सातऱ्यावर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाया जेवणं उरकून यायच्या. वर्गाला हजेरी लागायची ती शिंकांनी. त्या पदर झटकायच्या आणि मी शिंकायचो. त्या काळात 'अंगठाबहाद्दर' ही शिवी होती. आम्हाला एकच ध्यास, की या गावातला अंगठा गेला पाहिजे, सही आली पाहिजे. शाईच्या पॅडकडे मी शत्रूसारखा बघायचो. एका बाईंना तर नुसतं आपलं नाव लिहायला अकरा रात्री लागल्या होत्या. बाराव्या रात्री त्यांनी पाटीवर सही केली आणि पाटी घरी घेऊन गेल्या. नवऱ्याला दाखवायची म्हणून. ती परत आणायला मला जावं लागलं होतं.

आता तेच सरकार, तोच मी, आणि समोर लाल दिव्याचं इवलंसं यंत्र. "गुरुजी, अंगठा ठेवा." दोन वेळा एम.ए. केलेला माणूस मुकाट अंगठा ठेवतो. पहिल्यांदा नापास. दुसऱ्यांदा नापास. पोट्टा म्हणाला, "डोक्यावर घासा जी थोडा. तेल लागते." मी टकलावर घासला. तेल कुठलं असणार तिथे! बत्तीस वर्षांच्या खडूने अंगठ्याच्या रेषा पुसत आणल्या असाव्यात. चौथ्या खेपेला यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि मी जिवंत झालो.

उठता उठता मागे पाहिलं, तर त्याच अकरा रात्रीवाल्या बाई. आता पार वाकलेल्या. श्रावणबाळ योजनेचं अनुदान दोन महिन्यांपासून खात्यात आलेलं नाही, केवायसी करायला सांगितलंय म्हणाल्या. 'केवायसी' त्यांनी 'केवाशी' असं म्हटलं, आणि ते मला जास्त खरं वाटलं. पैसा केव्हाशी येणार, एवढंच तर विचारायचं असतं.

पोट्ट्याने यंत्र शर्टाला पुसलं. उजवा अंगठा, डावा अंगठा, मग एकेक करून दहाही बोटं. यंत्राला एकही दिसेना. आयुष्यभर मिरचीचे देठ खुडलेली बोटं ती. गुळगुळीत, लालसर, एकही रेष नाही. पोट्टा चांगला होता. त्याने घाई केली नाही. शेवटी म्हणाला, "आजी, आयरिस लागन. डोळ्याचं मशीन. आपल्याकडे नाही, उमरेडला जा लागन."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, सही करून देऊ का? मले येते ना आता."

"सही नाही चालत आजी," पोट्टा म्हणाला.

"तवा म्हणे अंगठा नाही चालत."

यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग पोट्ट्याने दुकानातली वही पुढे केली. कोण कशाला आलं होतं, त्याची नोंद. बाईंनी पेन घेतला, ओठ मुडपले आणि सावकाश सही केली. शेवटच्या अक्षराची वेलांटी अजून तशीच उलट्या बाजूला. तेव्हाही सांगून सुधारली नव्हती. त्याखाली मी माझी केली.

मी हयात असल्याचा मेसेज मला पाच वाजता आला. बाईंना गुरुवारी उमरेडला जायचं आहे. सर्व्हर त्या दिवशी अप आहे की डाऊन, हे कोणाला आदल्या रात्री कळत असेल, तर कृपया कळवावं. त्यांचा एक दिवसाचा रोज बुडतो.